मूळ कव्हर, जास्त मोठं

१

सकाळी साडेनऊला मी कामाला बसतो. पगार कुणी देत नाही, तरी दहा मिनिटं उशीर झाला की मला चुकल्यासारखं होतं. बत्तीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांची सूची केली. निवृत्त झालो आणि आठवड्याभरातच कळलं, की रिकामं बसणं आपल्याला जमायचं नाही. तेव्हापासून इंटरनेटवरच्या एका संगीत-सूचीचं काम बघतो. जगात कुठेही कुणी अल्बम काढला, की तिथे त्याची नोंद होते: गाणारा कोण, गाणी किती, कुठलं गाणं किती मिनिटांचं, आणि कव्हर. माझ्याकडे कव्हरं आहेत.

लोकांना वाटतं, त्यात काय, एक चित्र तर चिकटवायचं. पण नुसता ऑनलाइन निघालेला अल्बम म्हटला की हातात धरण्यासारखं काही नसतंच. चित्र हाच त्याचा चेहरा. म्हणून नियम आहेत, आणि त्यातले निम्मे मीच लिहिलेले आहेत. ज्या ऑनलाइन दुकानात अल्बम निघाला त्या दुकानातलंच चित्र घ्यायचं. कापाकापी नको, रंग उजळवणं नको. तेच चित्र जास्त मोठ्या आकारात मिळालं, तर लहान काढून मोठं लावायचं. चित्र वेगळं असेल, तर ती वेगळी आवृत्ती आणि तिची वेगळी नोंद. सूचना कुणीही करावी, बाकीच्यांनी मत द्यावं. तीन होकार आले की काम झालं. एक जरी नकार पडला, तर सात दिवस थांबायचं आणि मग जास्त मतं कुणाकडे ते बघायचं.

माझी थोरली बहीण या सगळ्याला हसते. आम्ही दोघंच राहतो. "हवालदार, आज किती जणांना पकडलं?" असं चहाचा कप ठेवताना ती रोज विचारते. ताईने चाळीस वर्षं गाणं शिकवलं. तिच्या नावावर एकच अल्बम आहे, अकरा गाण्यांचा. सहा वर्षांपूर्वी आमच्याच मागच्या खोलीत तो रेकॉर्ड केला. दुकानात मीच चढवला, कव्हरही माझंच. खिडकीपाशी वेताची खुर्ची, खुर्चीत ताई, डोळे मिटलेले. दारात उभा राहून मी फोनवर फोटो काढला होता. फोन जुना, त्यामुळे चित्र जेमतेम सहाशे पिक्सेलचं. पुढे फोन बदलताना मूळ फोटोही गेला. इतरांना आकारावरून दटावणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरचं कव्हर असं, याची मला नेहमीच लाज वाटायची.

त्या मंगळवारी यादीत ताईच्या अल्बमसाठी सूचना आलेली दिसली. करणाऱ्याचं खातं कोरं, नावाच्या जागी नुसती एक आडवी रेघ. खाली टीप होती: 'मूळ कव्हर. जास्त मोठं.'

२

मला आनंदच झाला. सहा वर्षांत त्या अल्बमकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

दोन चित्रं एकच आहेत का, हे बघायची आमची एक रीत आहे. दोन्ही नखाएवढी लहान करायची, एकावर एक ठेवायची, आणि वरचं भराभर लपवून पुन्हा दाखवायचं. काही हललं तर चित्र वेगळं. मी तसं केलं. काही हललं नाही. होकार दिला, संध्याकाळपर्यंत आणखी दोघांचे होकार आले, आणि ताईच्या अल्बमला चौदाशे पिक्सेलचा चेहरा मिळाला.

ते पूर्ण आकारात उघडून बघायचं राहिलं, हे दोन दिवसांनी लक्षात आलं. असं माझ्याकडून होत नाही. घरचंच काम म्हणून घाई झाली असावी.

उघडलं, आणि पहिल्यांदा कौतुक वाटलं. ओढूनताणून मोठं केलेलं चित्र लगेच ओळखू येतं, कडा फुगतात, कपडे वितळल्यासारखे दिसतात. हे तसं नव्हतं. खुर्चीच्या वेताची वीण मोजता येत होती. मग प्रश्न पडला, की मूळ फोटो माझ्याजवळही नाही, माझ्या त्या फोनला तर इतकं बारीक दिसतही नव्हतं, मग हे आलं कुठून?

आणि खिडकीचा कठडा. माझ्या चित्रात ताईचं डोकं कठड्याच्या खाली आहे. या चित्रात ते चार बोटं वर होतं. नखाएवढ्या आकारात हा फरक केसाइतकाही उरला नसणार.

मी उठून मागच्या खोलीत गेलो. वेताच्या खुर्चीच्या पाठीवर ताईच्या डोक्याइतक्या उंचीवर एक उशी टेकवली. दारात उभं राहिलं, की उशी कठड्याच्या खाली. वाकलं, की वर सरकते. पुढे येऊन गुडघे दुमडत दुमडत खोलीच्या मध्यावर जवळपास बैठकीच्या उंचीला आलो, तेव्हा ती बरोबर चार बोटं वर आली. मांड्या थरथरायला लागल्या म्हणून उठलो.

म्हणजे हा फोटो कुणीतरी समोर बसून काढला होता. मीच दोन काढले असतील, एक उभ्याने, एक बसून. दुसरा कुठेतरी आपोआप जपला गेला असेल आणि कुणाच्या तरी हाती लागला असेल. सहा वर्षांपूर्वीचं कोण शपथेवर सांगणार? मी उशी जागेवर ठेवली आणि हात झटकले.

३

त्याच आठवड्यात ताई पुन्हा गायला लागली.

शेवटच्या विद्यार्थिनीने येणं बंद केलं त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून तिने गाणं सोडलंच होतं. "भिंतींसाठी कोण गाणार?" म्हणायची. आता जेवण झालं की तीनच्या सुमारास मागच्या खोलीत जायची, दार लावून घ्यायची, आणि तासभर आवाज यायचा. मला बरं वाटलं. माझ्या खोलीपर्यंत शब्द पोचत नसत, नुसता सूर यायचा, आणि मी कव्हरं बघत बसायचो.

शुक्रवारी जेवायला बसलो तर टेबलाची एक खुर्ची गायब.

"ताई, खुर्ची कुठे गेली?"

"मागे नेली."

"तिकडे तुझी वेताची आहे की."

"ती माझी. ऐकणाऱ्याने काय उभं राहायचं?"

तिची थट्टा अशीच असते, तोंड गंभीर आणि डोळ्यांत हसू. मी भात वाढून घेतला. दोन घास झाल्यावर विचारलं, "कोण ऐकणारं?"

"कुणीतरी छान ऐकतंय असं वाटतं रे. तुला नाही कळायचं. शिकवताना समोरचा ऐकतोय की नुसता बसलाय, हे मला डोळे मिटूनही कळायचं."

"आणि आता?"

"आता ऐकतंय," ताई म्हणाली, आणि मला लोणचं हवं का ते विचारलं.

ती जेवल्यावर भांडी घासत होती तेव्हा मी मागे जाऊन आलो. टेबलाची खुर्ची खोलीच्या मध्यावर होती, वेताच्या खुर्चीकडे तोंड करून. मी आदल्या दिवशी गुडघे दुमडून थांबलो होतो तिथेच. ताईला मी त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

४

दुसरी सूचना पुढच्या बुधवारी आली. तीच रेघ, तीच टीप: 'मूळ कव्हर. जास्त मोठं.' तीन हजार पिक्सेल.

या वेळी मी आधी पूर्ण आकारात उघडलं.

खोली तीच, पण थोडी जास्त. डावीकडे भिंतीचा आणखी एक पट्टा, खाली जमिनीच्या आणखी दोन फरशा. खुर्चीत ताई. तिचे डोळे उघडे होते, आणि ती समोर बघत होती, म्हणजे माझ्याकडे. चेहऱ्यावर जे होतं ते मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. चांगली दाद मिळाल्यावर ती अशी दिसायची.

अंगात राखाडी स्वेटर होता, उजव्या कोपराला ठिगळ लावलेला. तो स्वेटर मी तिला मागच्या वर्षी आणून दिला. ठिगळ तिने महिन्याभरापूर्वी लावलं.

मग डोकं चालवायला लागलो, कारण तेवढंच मला येतं. फोटो अलीकडचा आहे. अलीकडचा फोटो काढायला कॅमेरा लागतो, म्हणजे खोलीत कॅमेरा आहे. ताई बाजारात गेली तेव्हा मी खोली उलटीपालटी केली. दिव्याचं भोक, पडद्याची दांडी, कपाटाचा वरचा भाग, सगळं तपासलं. शेवटी चित्र फोनवर घेऊन जागा शोधली, पुढे-मागे सरकून, कठडा आणि फरशा जुळेपर्यंत. जागा खुर्चीतच सापडली. फोटो पहिल्याहून थोडा मागून होता, टेबलाच्या खुर्चीत पाठ टेकून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. तिथे कॅमेरा टांगायला काही नव्हतं. नुसती हवा होती.

ताई आली तेव्हा मी विचारलं, "मी घरी नसताना कुणी येतं का?"

"तू घरी कधी नसतोस?" ती म्हणाली.

५

मी नकार दिला. कारण लिहिलं: हे मूळ चित्र नाही, वेगळा फोटो आहे.

आमच्यात एक संपादक आहे, त्याला सगळे घुबड म्हणतात, कारण तो कुठल्याही वेळी जागाच असतो. भला माणूस. दहा वर्षांची ओळख, प्रत्यक्ष भेट नाही. त्याने तासाभरात लिहिलं:

'तुम्ही म्हणता ते पटलं. फोटो वेगळा आहे. पण मी दुकानात बघून आलो, तिथे आता हेच कव्हर आहे. म्हणजे ही वेगळी आवृत्ती झाली. नियम तुमचाच! मी वेगळी नोंद केली आहे, आजची तारीख घालून. तुमच्या बहिणीचं अभिनंदन. फोटो फार जिवंत आहे.'

मी दुकान उघडलं. खरंच होतं. तिथलं खातं माझ्या नावावर, पासवर्ड फक्त मला माहीत. आत जाऊन पाहिलं, तर कव्हर बदलल्याची वेळ दिसत होती: आदल्या दिवशी, दुपारी सव्वातीन. त्या वेळी मी माझ्या टेबलाशी होतो, आणि मागून सूर येत होता. मीच झोपेत केलं म्हणावं, तर मी दुपारी झोपत नाही.

मी पासवर्ड बदलला आणि जुनं चित्र परत चढवलं. पान ताजं केलं. राखाडी स्वेटरच दिसत होता. तीनदा केलं, तीनदा तेच. चौथ्यांदा हात टेकले.

घुबडाला काय लिहिणार? नोंद अचूक होती. चूक दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

६

तिसरी सूचना सोमवारी दुपारी साडेतीनला आली, त्या नव्या आवृत्तीसाठी. आकडा मी दोनदा वाचला, बारा हजार पिक्सेल. इतकं मोठं कव्हर मी आजवर पाहिलेलं नाही.

उघडायला बराच वेळ लागला. वरून खाली पट्ट्यापट्ट्याने चित्र उतरत होतं. आधी छत. मग खिडकी, तिच्यातून उतरतं ऊन. मग वेताच्या खुर्चीची पाठ, आणि तिथे ताईचं डोकं नव्हतं. खुर्ची रिकामी होती. मग जमीन, फरशा, आणखी फरशा. आणि अगदी तळाला, चित्राच्या कडेने कापलेले, फार जवळ असल्यामुळे धूसर झालेले, दोन गुडघे.

बसलेल्या माणसाला स्वतःचे दिसतात, तसे.

मी नकार दिला. कारण लिहिलं: यात गायिका नाही. घुबडाने होकार दिला आणि अदबीने लिहिलं, की कव्हरवर गायिका असलीच पाहिजे असा नियम नाही, खोली तीच आहे, टोकं जुळतात, हे आधीच्याच फोटोचं न कापलेलं रूप दिसतं. आणखी चौघांनी होकार दिले. एकाने लिहिलं, असा तपशील आयुष्यात पाहिला नाही. सात दिवसांनी, पुढच्या सोमवारी साडेतीनला, ते लागणार होतं.

मला भीती वाटली, साधी आणि स्वच्छ. पहिलं चित्र लागलं आणि ते जिथून काढलं होतं तिथे खुर्ची आली; चित्र जसं, तसं घर होत होतं. आता चित्रात ताई नव्हती. बाकी कशाचा अर्थ लागला नाही तरी चाललं असतं, फक्त ताई त्या खुर्चीतून नाहीशी व्हायला नको होती.

एकच उपाय उरला होता. अल्बमच दुकानातून काढून टाकायचा. अल्बम नाही तर आवृत्ती नाही, आवृत्ती नाही तर कव्हर नाही. बटण माझ्यासमोर होतं. पण ते माझं नव्हतं, म्हणून रविवारी तिला विचारलं.

ती म्हणाली, "का?"

मी चित्रं दाखवली. तिन्ही, एकेक करून, शांतपणे. राखाडी स्वेटरचं तिने जवळ घेऊन पाहिलं. "किती छान आलंय," म्हणाली. तिसऱ्याशी क्षणभर थांबली आणि फोन मला परत दिला.

"काढू नकोस."

"ताई, अगं तू नाहीयेस त्यात!"

"असेन इकडेतिकडे. माझं एवढं एकच आहे रे जगात. तेही पुसतोस?"

"तिथे कोण बसतं ते तरी सांग."

"मी विचारलं नाही. ऐकणाऱ्याला कधी विचारत नाही मी." मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "तू ऐकलायस का तो अल्बम? पुरता?"

मला अकराही गाण्यांचे सेकंदांपर्यंतचे आकडे पाठ होते. सुरुवात आणि शेवट तपासले होते, मध्ये कुठे खरखर नाही ना ते बघितलं होतं. मी मान खाली घातली. सहा वर्षं मी तिच्या कव्हरची राखण केली होती, आणि तिच्यासमोर एक दुपार बसलो नव्हतो.

"जाऊ दे," ताई म्हणाली. रागाने नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

७

सोमवारी पावणेतीनला मी मागच्या खोलीत गेलो आणि टेबलाच्या खुर्चीत बसलो. विचार सरळ होता. खुर्ची एक, तिच्यात मी. दुसऱ्या कुणाला बसायला जागा ठेवायची नाही, आणि साडेतीन वाजेपर्यंत ताईवरून नजर हलवायची नाही.

बसताना बैठक थंड लागली. उगाच जिवात जीव आला.

तीनला ताई आली. मला बघून दारातच थांबली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला पुन्हा लाज वाटली.

"हवालदार ड्यूटीवर?"

"ऐकायला आलोय."

"बस मग नीट. मध्ये उठायचं नाही."

ती वेताच्या खुर्चीत बसली, पदर सारखा केला, आणि गायला लागली. मला गाण्यातलं कळत नाही. एवढंच कळलं, की हा आवाज मी भिंतीपलीकडून रोज ऐकत होतो आणि तो मला माहीत नव्हता. वय झालं होतं त्याचं, वर जाताना थोडा फाटत होता, आणि फाटला की ती तिथेच थांबून त्याला हळूच सांधून घ्यायची. माझे डोळे भरून आले. इथे कशासाठी बसलोय ते मधली काही मिनिटं मी विसरलो.

खिशात फोन थरथरला, एकदाच. सूचना मंजूर झाली, की असा थरथरतो. साडेतीन.

मी ताईकडे पाहिलं. ती खुर्चीत होती. पूर्ण, घट्ट, पायांत चपला घातलेली. गात होती. मी श्वास सोडला. चित्र लागलं होतं आणि ताई जागेवर होती. इतकंच तर हवं होतं मला. एका कोऱ्या खात्याच्या उपद्व्यापाला मी पंधरा दिवस घाबरलो होतो!

गाणं संपलं. ताईने डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहून हसली. मग तिची नजर थोडी वर गेली, माझ्या खांद्यावरून मागे.

"अगं बाई," ती म्हणाली, घरी आलेल्या माणसाशी बोलतात त्या आवाजात. "तुमची जागा घेतली का याने? लहानपणापासून असाच आहे, सांगायचं राहून गेलं. या, तुम्ही इथे बसा."

ती उठली. मी "ताई, नको" म्हणालो असेन, किंवा नुसते ओठ हलले असतील. चार पावलं टाकून ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मी तिचा हात धरला.

समोर खिडकी होती, तिच्यातून ऊन उतरत होतं. वेताची खुर्ची रिकामी होती. खाली, नजरेच्या अगदी कडेला, माझे दोन गुडघे.

मागून काही आलं नाही. पाऊल वाजलं नाही. फक्त खुर्चीची वेताची बैठक मध्यभागी हळूहळू खाली गेली, आणि वेत करकरला, कुणीतरी नीट सावरून बसल्यावर करकरतो तसा.

"ताई, चल इथून," मी म्हणालो.

"शू. मध्ये उठायचं नाही." ती वाकून माझ्या कानाशी बोलत होती, आणि आवाजात नुसता आनंद होता. "इतके दिवस माझं ऐकलं त्यांनी. आता आपण त्यांचं ऐकायचं."

समोरून, गाण्याआधी घेतात तसा, लांब श्वास घेतल्याचा आवाज आला. ताई पुढे झुकली. मी तिचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तिने माझा धरलेला नव्हता.